दहावी ओळ

"नऊ ओळींत खोटं चालतं, पोरी. दहावी खरी लागते."

बाप जाऊन तीस वर्षं झाली, तरी अनास्तासियोचा तो घोगरा आवाज कासिल्दाच्या कानात अजून तसाच होता. इस्त्रीवर पाण्याचा थेंब चुर्र करून उडाला की तोच आवाज आधी यायचा आणि मागून ओळी यायच्या. दहा ओळींचं गाणं ही त्या डोंगरातली जुनी रीत. जत्रेत ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी शेवटची ओळ ओरडून द्यायची आणि गाणाऱ्याने उभ्या उभ्या नऊ ओळी जुळवत बरोबर तिच्यावर येऊन थांबायचं. दिलेली ओळ टाकून खाली उतरला, तो गाणारा उरला नाही. अनास्तासियोने जन्मात एकही टाकली नव्हती आणि त्याच्या लेकीनेही नाही.

कासिल्दा ला पाल्मा वस्तीतल्या लोकांचे कपडे इस्त्री करायची. गाठोडं डोक्यावर घेऊन घरोघर फिरायची, आणि इस्त्रीवालीसमोर बोलणं थांबवावं असं कुणाला वाटत नसे. कुणाच्या अंगणात खुर्ची भिंतीकडे तोंड करून आहे, कोण भाताला दोनच माणसांचं पाणी घालतं, दुकानदाराची बायको हसताना हात तोंडावर का नेते, हे सगळं ती बघायची. लिहून ठेवत नसे. गाठोड्याबरोबर घरी न्यायची आणि इस्त्रीखाली सरळ करायची.

गेल्या महिन्यापर्यंत लोकांना याचं कौतुकच होतं. मग मोरालेसांच्या लग्नात तिने सदऱ्याचं गाणं गायलं.

शनिवारी दोरीवर
सदरा वाळतो ओला,
धनी ज्याचा दूर गेला,
उंबऱ्यात थांबे घर...

नवरा सोडून गेलाय हे कळू नये म्हणून एक बाई दर शनिवारी त्याचा सदरा धुऊन दोरीवर घालते, असं ते गाणं. पुढे होतं, 'कॉलरीला माती लावी, तीच बाई, तीच धुवी.' न वापरलेल्या सदऱ्याला धुण्याचं निमित्त हवं ना. त्या ओळीला बायांनी डोळे पुसले. तेवढ्यात मांडवाच्या कडेला बसलेली ओब्दुलिया उठली, थाळी तशीच ठेवून निघून गेली, आणि सगळ्यांनी ते पाहिलं.

पाहिल्यावर कळायला कितीसा वेळ लागतो? ओब्दुलियाचा नवरा बंदरावर रात्रपाळीला असतो, दिवसा झोपतो, म्हणून दिसत नाही, असं वस्तीला ठाऊक होतं. दोरीवर त्याचा सदरा असायचा. आता सगळे त्या सदऱ्याकडे बघू लागले.

ओब्दुलियाने हे एकाच माणसाला सांगितलं होतं, सेराफिनाला. तळणीच्या गाड्यावर खाऱ्या माशाची भजी विकणारी सेराफिना ओब्दुलियाच्या थोरल्याची धर्ममाता होती, आणि सेराफिनाच्या धाकटीची ओब्दुलिया. एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या, सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचं नातं ते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ओब्दुलिया गाड्यासमोरून तोंड फिरवून गेली. आठ दिवसांत वस्तीही तशीच जाऊ लागली. जिने कोमाद्रेचं पोटातलं विकलं तिच्या हातचं कोण खाणार?

कासिल्दाकडे मात्र कुणी बोट दाखवलं नाही. गाणारी काय, कानावर पडलं ते गाते. फक्त आता ती दारात आली की आतलं बोलणं बंद व्हायचं. बाया कपडे देण्याआधी खिसे उलटे करून बघत. एकीने तर गाठोड्याला गाठ मारून वर दुसरी मारली.

"दोन गाठी कशाला गं?" कासिल्दाने विचारलं.

"वारा फार आहे हल्ली," ती म्हणाली. पानही हलत नव्हतं.

एका सकाळी दुकानात कॉफी घ्यायला उभी असताना तिला ओब्दुलिया भेटली. ओब्दुलिया तिच्याशी नव्हे, दुकानदाराच्या बायकोशी बोलत होती, पण आवाज सगळ्या दुकानाला पुरेल एवढा.

"सांगितलं ते सांगितलं, वर मीठमसालाही लावला. माती म्हणे! मी कशाला माती लावू? माझा सदरा मी नुसता पाण्यातून काढते. हे तिच्या पदरचं."

"तळणारी बाई," दुकानदारीण म्हणाली, "पीठ लावल्याशिवाय काही सोडत नाही."

सगळ्या हसल्या. कासिल्दा कॉफी न घेताच बाहेर पडली.

घरी आली. शनिवार होता. मागच्या अंगणात, वस्तीला न दिसणाऱ्या दोरीवर, तिच्या नवऱ्याचा, वेन्सेस्लाओचा, निळा सदरा वाळला होता. तो तिने काढला, घडी घातली आणि कॉलर अंगठ्याने चाचपून पाहिली. धुऊन धुऊन तिथला रंग उडाला होता. वेन्सेस्लाओ उत्तरेला, कनेक्टिकटच्या तंबाखूच्या शेतावर गेला त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, मग एकही नाही. वस्तीला मात्र ती दर नाताळच्या आधी सांगायची, यंदा येतो म्हणालाय. लोक मान डोलवायचे. टाकलेल्या बाईची वस्ती कीव करते, आणि कापडावरची सुरकुती इस्त्रीने जाते, कीव जात नाही.

गाण्यातली बाई तिने कुणाच्या अंगणात पाहिली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं पाहिली, एकदाच स्वतःचं, थोडं बदलून, गायली, आणि ते नेमकं ओब्दुलियाच्या दारात जाऊन पडलं. आपल्यासारखं आणखी कुणी करत असेल असं तिला स्वप्नातही आलं नव्हतं.

दुपारी सेराफिना आली. दारातच उभी राहिली. हाताला तेलाचा वास नव्हता. गाडा बंद होता.

"कासिल्दा, मी काही मागायला नाही आले. एवढंच सांग, तुला कुणी सांगितलं?"

"ऐकलं कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे? कुठेतरीला नाव असतं ना, बाई?"

"गाणाऱ्याला विचारू नये."

सेराफिनाची नजर एकदा मागच्या दारातून दोरीपर्यंत गेली. दोरी रिकामी होती.

"उद्या जत्रा," ती म्हणाली. "मी येणार आहे. लोक थुंकले तरी येणार आहे."

जत्रेच्या रविवारी प्रार्थना आटोपून सगळी वस्ती देवळापुढच्या आंब्याखाली जमली. म्हातारा लिबोरियो आपलं छोटं गिटार, क्वात्रो, मांडीवर घेऊन तारा लावत बसला होता. सेराफिना एकटी खांबाला टेकून उभी होती, तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी. कासिल्दा गाणाऱ्यासाठी मांडलेल्या फळीवर चढली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "ओळ द्या."

कुणी बोलायच्या आत ओब्दुलिया उभी राहिली. रात्रभर जागून जुळवली असावी. आठ अक्षरं, एक कमी नाही, एक जास्त नाही.

"घे," ती म्हणाली. "मला सांगे सेराफिना."

कुणीतरी हळूच म्हणालं, "आता बघा. गळ्यातूनच निघेल खरं."

लिबोरियोने मान न उचलता विचारलं, "कासिल्दाबाई, घ्यायची ना?"

घेतली तर सेराफिना जन्माची गेली. नाकारली तर बापाचं नाव गेलं. कासिल्दाने मान हलवली आणि तारा वाजू लागल्या.

गाठोडी घेऊन डोई
घरोघरी येत जात,
इस्त्री ओढी माझा हात,
सुरकुती उरे नाही.
मनातली पण राही,
जिची तिला ती दिसेना,
दुसऱ्यांची मिटवेना...

लोक पुढे सरकले. खांबाजवळ सेराफिनाने डोळे मिटून घेतले.

कुणाच्या ओठांनी गेली,
कशी माझ्या कानी आली...

नऊ झाल्या. लिबोरियोने दहावीसाठी तार छेडली. ओळ तयार होती, यमक तयार होतं, ओठांवर आलं होतं, एवढं सोपं की नुसतं तोंड उघडायचं. कासिल्दाने तोंड उघडलं आणि मिटलं. लिबोरियोने तीच तार पुन्हा छेडली. मग तिसऱ्यांदा, अंमळ हळू, पाय घसरलेल्या माणसाला हात द्यावा तशी.

"थांबव, लिबोरियो," ती म्हणाली.

त्याने तारांवर पंजा ठेवला. अनास्तासियोच्या लेकीने ओळ टाकली, असं कुणीतरी मागे पुटपुटलं, आणि ते तिला ऐकू आलं.

ती फळीवरून खाली उतरली. ओब्दुलियासमोर जाऊन उभी राहिली. मग गाण्याच्या नव्हे, रोजच्या, कपडे मोजून देतानाच्या आवाजात बोलली.

"ओब्दुलिया, तुझ्या सदऱ्याचं मला कुणीच सांगितलं नाही. लग्नात तू उठलीस तेव्हा मला कळलं. वेन्सेस्लाओ नाताळला येत नाही. अकरा वर्षांत एकदाही आलेला नाही. कॉलरला माती लावते ती मी."