खात्रीचा प्रश्न

“दगड,” जोनास पुटपुटला. “काका, पानं दगडाकडं गेलीत.”

सोंदुएला ते दिसत होतंच. बिळाभोवती रोवलेल्या बिनबुडाच्या मडक्याचं झाकण त्याच्या हातात तसंच राहिलं होतं. आत केसाळ कोळ्यानं खुणांची पानं उधळून सगळी दगडापाशी लोटली होती. मडक्यात एका बाजूला काडी, दुसऱ्या बाजूला दगड; पानं काडीकडं गेली तर हो, दगडाकडं गेली तर नाही.

कुणाचंही काही विचारायचं असलं तरी आधी कोळ्याची परीक्षा घ्यायची, ही या डोंगरातली रीत. उत्तर पक्कं ठाऊक आहे असा एक प्रश्न टाकायचा. बरोबर निघाला तर पुढचं विचारायचं, चुकला तर तो खोटारडा. त्याला ठेचून बीळ बुजवायचं. कोळ्याकडून कौल घेणारे बाकीचे जाणते ‘मी इथं एकटाच आहे का?’ असलं काहीबाही विचारत. सोंदुए मात्र गेली दोन वर्षं एकच विचारायचा, “माझा बार्नाबे जिवंत आहे का?” कोळी दर वेळी काडी दाखवायचा आणि म्हातारा असा खुलायचा की आलेल्याला वाटावं, आपलंच काम फत्ते झालं. खरं सांगायचं तर परीक्षेच्या नावाखाली तो पोराची खुशाली विचारून घेत होता. आजही त्यानं तेच विचारलं होतं.

बार्नाबे दोन मित्रांबरोबर उत्तरेला गेला, तो वाळवंट ओलांडून समुद्रापर्यंत पोचला. “बाबा, उद्या बोटीत बसतोय,” असा फोन आला. मका पेरायच्या दिवसांतली ती गोष्ट. आता कणसं काढून झाली होती. मधे ना दुसरा फोन आला, ना शेतीच्या घाईत कुणी कोळ्याला विचारायला.

मागे राजधानीहून, यावुंदेहून, क्लारिस नावाची एक बाई कोळ्यांच्या जाती शोधत आली होती. या केसाळ कोळ्याच्या कुळात हजारावर जाती आहेत, म्हणाली. कुणी बिळात राहतो, कुणी झाडावर. अमेरिकेत आहेत, भारतात तर निळेसुद्धा आहेत, आणि समुद्रापलीकडं इटलीच्या बेटावरही एक किरकोळ भाऊबंद आहे. “एवढी भावकी?” सोंदुए हसला होता. “मग जमिनीचे तंटे केवढे असतील!” पण रात्री त्यानं बायकोला समजावलं होतं, की पोरगं कुठंही उतरू दे, आपल्या कोळ्याचं कुणीतरी तिथं आहेच. समुद्रात मात्र त्यांच्यातलं कुणी राहत नाही, असंही ती बाई म्हणाली होती. ते त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं.

“खोटारडा निघाला मेला!” जोनासनं हाताशी आलेला धोंडा उचलला. “तुम्ही ठेचताय की मी ठेचू? तिकडं आईचं पोट फुगलंय आणि आमचे भाऊ म्हणतात, कोळी सांगेल तरच खाली बान्यो गावच्या दवाखान्यात न्यायची. आता मी कुणाच्या दारात जाऊ?”

“थांब रे.”

फेलिसिते सरपणाचा भारा घेऊन वर आली होती. तिनं मडक्यात डोकावून पाहिलं आणि भारा डोक्यावर तसाच ठेवून ती उभी राहिली.

“ठेचून काय मिळणार आहे?” ती नवऱ्याला म्हणाली. “अहो, परीक्षेला खात्रीचा प्रश्न घ्यायचा असतो ना? तुम्हाला खात्री कुठं होती?”

“त्याचा फोन हरवला असेल.”

“इतके महिने? दुसऱ्या कुणाचा मागून घेता येत नाही? आईला एक हाक मारायला?”

जोनासनं धोंडा सोंदुएच्या हातात दिला. एक घाव घातला की कोळी खोटा ठरणार होता आणि पोरगं जिवंत राहणार होतं. मग जोनासच्या आईनं दुसरा जाणता सापडेपर्यंत तसंच तळमळत पडायचं. त्याला धोंडा घालायचा होता. फार घालायचा होता.

त्यानं तो बाजूला ठेवला. पानं नीट लावून मडक्यावर टिचक्या मारल्या आणि आवाज सांभाळत विचारलं, “जोनास माझ्याजवळ आहे का? असला तर काडी घे, नसला तर दगड.”

तो आणि जोनास मडक्याशी बसले, फेलिसिते भाऱ्यासकट उभीच राहिली. ऊन टेकडीवरून उतरलं. झाकण काढलं तेव्हा पानं काडीपाशी होती.

मग त्यानं जोनासच्या आईचं विचारलं. त्यालाही काडीच आली.

“ने तिला दवाखान्यात. आत्ताच ने. भाऊ आडवे आले तर माझ्याकडं पाठव.”

जोनास उठला, दोन पावलं गेला आणि घुटमळला. “काका, पण मग ते आधीचं...?”

“तेही खरंच,” सोंदुए म्हणाला. “जा तू. उशीर करू नकोस.”

फेलिसितेच्या डोक्यावरचा भारा खाली पडला. तिनं पोराचं नाव घेऊन हंबरडा फोडला, तसा खालच्या घरांतून दुसरा आवाज उठला, मग तिसरा. बायका हातातली कामं टाकून टेकडी चढू लागल्या. त्यांच्यात बार्नाबेची आत्या सगळ्यांत पुढं होती.

“बातमी आणली कुणी?” ती धापा टाकत विचारू लागली. “कोण आलं होतं?”

“कुणी नाही. मीच विचारलं होतं,” सोंदुए म्हणाला, आणि आलेल्यांना बसायला जागा करून द्यायला उठला.