चौथ्या कॅपवरचं बावीस

"बावीस! स्वच्छ बावीस आहे हे!" ट्रकखाली उताणे पडलेले तज्ज्ञसाहेब ओरडले, आणि गॅरेजच्या दारात वाळलेली फडकी गोळा करणाऱ्या काकूंचे हात थांबले.

साहेब संग्रहालयाकडून आले होते. जुनी वाहनं पारखणं हाच त्यांचा पेशा. दोन दिवस ते या म्हाताऱ्या ट्रकच्या इंजिनाचा कुळवृत्तांत शोधत होते. उद्या ट्रक संग्रहालयात जायचा होता आणि त्याआधी त्यांना तक्ता भरायचा होता: इंजिनाचं मूळ काय, आणि ते नव्यानं बांधलं कोणी. काकूंच्या मुलाकडे दुसऱ्या रकान्याचं उत्तर तयार होतं. अडतीस वर्षांपूर्वी हे इंजिन याच गॅरेजात त्याच्या बाबांनी बांधलं, हे तो कळायला लागल्यापासून ऐकत आला होता. इंजिनाशेजारी लावायला बाबांच्या नावाची पितळी पाटीसुद्धा त्यानं करून आणली होती.

साहेब ट्रकखालून बाहेर आले, हातातली सुटी चौथी कॅप त्यांनी कामाच्या बाकावर ठेवली आणि ते चष्मा पुसू लागले.

"तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे हो," ते म्हणाले. "पण हे गॅरेजचं काम नाही. सहा रॉड, आणि त्यांना क्रँकच्या फिरत्या दांड्यावर आवळणाऱ्या सहा कॅप. त्यांवर आकडे बघा. एक, दोन, तीन, मग एकदम बावीस, मग पाच, सहा. मधेच बावीस कुठून आलं? कारखान्यातला काहीतरी खुणेचा आकडा असणार. आणि दुसरं, एकाही कॅपवर वाइसचे, त्या बाकावरच्या लोखंडी पकडीचे, जुने दात उमटलेले नाहीत. गॅरेजात कॅप वाइसमध्ये आवळल्याशिवाय आतलं बेअरिंग खरवडता येतं का? हे मोठ्या कारखान्यातून बांधून आलंय. वडिलांनी नुसतं ट्रकमध्ये बसवलं असेल."

"नुसतं बसवलं?" मुलगा तडकला. "सहा महिने खपत होते बाबा यावर!"

"काही कागद आहे?"

"कागद कशाला? आई आहे ना! आई, तू होतीस तेव्हा. सांग यांना. बाबांनीच केलं ना?"

काकूंनी फक्त 'हो' म्हणायचं होतं. मुलगा खूश, पाटी जागेवर, आणि गेलेल्या माणसाचा मान शाबूत. अडतीस वर्षं मूग गिळून बसलेल्या बाईला आणखी एक मूग काय जड होता? पण साहेबांचा तो कारखाना काकूंच्या डोक्यात गेला होता. आपण जमिनीवर बसून कंबरेचा काटा ढिला केला आणि श्रेय जाणार कुठल्याशा धुराड्याला! आयत्या बिळावर नागोबा परवडला, त्यानं निदान बीळ पाहिलेलं तरी असतं.

"नाही," काकू म्हणाल्या. "कारखान्यानं नाही आणि याच्या बाबांनीही नाही. मी केलं."

मुलगा हसला. ते हसू काकूंना फार लागलं.

"आई, मस्करी नको. साहेबांना वेळ नाहीये."

"मलाही नाहीये. साहेब, लिहून घ्या. ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, पण इंजिनाचं विचारा, मी सांगते. ब्लॉक पुरात बुडालेल्या ट्रकचा. आठवडाभर नुसता चिखल उपसला त्यातून. क्रँक खडी फोडायच्या मशीनवरचा, त्याचं इंजिन याच जातीचं होतं म्हणून जमला. हेड आगीच्या बंबाचं, भंगारात वजनावर घेतलेलं. तीन घरची तीन डोकी एका घरात नांदवायची म्हणजे काय असतं, ते तुमच्या कारखान्याला विचारा. आणि ते बावीस नाही. दोन आणि दोन आहेत. आकड्यांचे पंच जुन्या बाजारातून आणले होते, त्यात चारचा पंचच नव्हता. मग चौथ्या कॅपवर दोनदा दोन ठोकला. दोन आणि दोन चारच होतात ना अजून?"

साहेब पुन्हा ट्रकखाली गेले नाहीत. चौथी कॅप बाकावरच होती. ती त्यांनी खिडकीशी नेली, भिंग लावलं.

"दोन आकड्यांत अंतर जास्त आहे खरं," ते हळूच म्हणाले. "आणि दुसरा दोन तिरका आहे."

"तिरका असणारच. दीड वर्षाचं कार्टं माझ्या पाठीवर चढत होतं. हातोडी पडायला आणि यानं माझं कोपर ओढायला एकच गाठ पडली." काकूंनी मुलाकडे बोट केलं. "या इंजिनात तुझंही काम आहे हो, एवढंच."

मुलाला हसू आलं नाही. "मग बाबा काय करत होते?" त्याचा आवाज चढला होता.

"त्यांचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात सापडला होता. तीन बोटं गेली."

"ती नंतर गेली. हे इंजिन झाल्यावर."

"तुला नंतरची सांगितली. सगळ्यांनाच तसं सांगितलं. इंजिन अर्धं उघडलेलं आणि उस्तादाला बोटं नाहीत, हे कळलं असतं तर एक गिऱ्हाईक दारात उभं राहिलं नसतं. आम्ही दार लावून घ्यायचो. ते शेजारी बसून सांगायचे, मी करायचे. शिकवलं त्यांनीच, ते मी कधी नाकारणार नाही. पण ट्रकवाला न्यायला आला, इंजिन एका दमात सुरू झालं, तेव्हा त्यानं यांची पाठ थोपटली. म्हणाला, उस्ताद, जादू आहे तुमच्या हातात! हे फडक्यात हात गुंडाळून उभे. मी इथंच, या खांबापाशी. वाटलं, आता सांगतील. त्यांनी मान खाली घातली."



"ते गेल्यावर असं बोलतेस तू त्यांच्याबद्दल?" मुलगा म्हणाला.

"ते असताना मी बोलले असते तर त्यांना लागलं असतं. माझी माया होती त्यांच्यावर. रागही होता, अजून आहे. पण तू मघाशी हसलास ना, तसं मी आता कोणाला हसू देणार नाही."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. "मावशी, मी मानेन हो. पण आमची समिती पुरावा मागणार."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" काकूंनी पदर खोचला. "आणा ती कॅप इकडे."

चौथ्या कॅपमधल्या बेअरिंगच्या अस्तराचा जुना मऊ धातू सुटला होता. मुलानं नवा ओतून लेथवर कातून घेतला होता, पण दोन दिवस खरवडूनही ते बेअरिंग क्रँकवर नीट बसत नव्हतं. हल्ली तयार बेअरिंगं मिळतात, हे काम कोणाच्या हातात उरलेलं नाही. तो बाहेर पाठवायच्या गोष्टी करत होता.

काकूंनी जमिनीवर पोतं पसरलं आणि त्यावर बसल्या. दोन्ही गुडघे कडाडले. "निळा रंग लाव क्रँकला," त्यांनी फर्मान सोडलं. "कॅप आवळ, एक फेरा दे, काढून आण." मुलगा जागचा हलला नाही. मग त्याच्यातला मेकॅनिक त्याच्यातल्या मुलापेक्षा शहाणा निघाला. तो ट्रकखाली शिरला.

कॅप आली तेव्हा जिथं जिथं धातू उंच राहून क्रँकला टेकत होता तिथं निळे डाग उमटले होते. काकूंनी कॅप दोन तळपायांच्या मधे घट्ट धरली, खरवडायचा धारदार स्क्रेपर उचलला, आणि डागांवरून आपल्याकडे तिरका ओढला. केसासारखा बारीक कीस निघाला. पहिले दोन ओढे थरथरले. तिसऱ्याला हाताला ओळख पटली.

साहेबांनी मुलाकडून तिसऱ्या नंबरची कॅप सोडवून घेतली आणि शेजारी आणून धरली. मधला भाग इतक्या वर्षांत गुळगुळीत झाला होता, पण कडांना जुन्या खुणा शिल्लक होत्या. ते भिंगातून एकदा ही कॅप बघत, एकदा ती.

"बाकाशी उभा राहणारा माणूस आडवं खरवडतो," ते स्वतःशीच म्हणाले. "हे सगळं तिरकं आहे." मग त्यांनी काकूंच्या पायांत धरलेल्या कॅपकडे पाहिलं. "आणि वाइसचे दात..."

"बाक पुरुषाच्या उंचीचा होता," काकू म्हणाल्या. "मला बाळ सांभाळत बसायचं होतं."

साहेब बाकड्यावर टेकले आणि तक्ता पुढे ओढला. 'मूळ' या रकान्यात त्यांनी पूर, खडीचं मशीन आणि आगीचा बंब, तिन्ही ओळीनं लिहिले. मग दुसऱ्या रकान्यात काकूंचं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं.

"पुढे काय घालू? उस्तादांच्या पत्नी, असं?"

"पत्नी हे लग्नाच्या कागदावर आहे," काकू म्हणाल्या. "इथं फिटर लिहा."

साहेबांनी लिहिलं. मुलगा पितळी पाटी हातात घेऊन उभा होता.

"आणि हिचं काय करू?" त्यानं विचारलं.

"घरात लाव, चांगल्या जागी. चांगला माणूस होता तो. पण इंजिनापाशी नाही."

त्यानं पाटी कागदात गुंडाळली. गुंडाळायला त्याला बराच वेळ लागला. मग तो पुन्हा ट्रकखाली शिरला, आणि कॅपसाठी त्याचा तेलकट हात बाहेर आला.

"थांब," फिटर म्हणाली. "अजून तीन ठिकाणी टेकतंय."