चेपलेल्या टिनाचं माप

मी केकचा टिन बोलतोय. गोल, आठ इंची, एका बाजूने चांगलाच चेपलेला. तोंड वाकडं करू नका, माझं आधीच वाकडं आहे.

माझा जन्मच मारात झाला. पत्रा कापला, यंत्राखाली घातला आणि एका दणक्यात मला पोट आलं. पण तो मार घडवणारा होता. दुसऱ्या जातीचा मार मी बेकरीत बघितला.

बेकरी नवराबायकोची. अंडी फेसायची बायकोने, भट्टी सांभाळायची बायकोने आणि काही बिघडलं की मार खायचा तोही तिनेच. कृती मात्र नवऱ्याच्या वडिलांची. चार अंडी आणि त्या बेताने मैदा, साखर, लोणी. ती माझ्या पोटाला बसेल अशी होती. दुसऱ्या टिनाला ती तशीच चालत नाही, एवढी साधी गोष्ट त्या गृहस्थाच्या डोक्यात कधी शिरली नाही.

एकदा दहा इंची चौकोनी केकची ऑर्डर आली.

"आठाचे दहा झाले," तो म्हणाला. "दोनच इंच वाढले ना? एक अंडं जास्त घाल, बाकीचं त्या हिशेबाने."

"अहो, दुप्पट लागेल. मी या गोल टिनाने पाणी ओतून बघितलं. दोनदा ओतलं, तेव्हा कुठे तो चौकोनी भरला."

"मला शिकवतेस?"

तिने पाच अंड्यांचं मिश्रण ओतलं. केक बोटभर उंचीचा झाला, कडा करपल्या. गिऱ्हाइकाने तो काउंटरवर आपटला आणि चारचौघांत नवऱ्याची अक्कल काढली. मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं. आत येऊन त्याने मला उचललं आणि माझ्या काठाने तिच्या कपाळावर मारलं. पुन्हा मारलं. ती खाली बसली तरी मारलं. मग मला भिंतीवर फेकून टाचेखाली चेचलं. तिचं रक्त माझ्या काठाला होतं. मला स्वतःची किळस आली.

कपाळावरचे टाके ओले असतानाच ती कामाला उभी राहिली. त्याने स्वतः माझ्यात मिश्रण ओतलं.

"अहो, हा चेपलाय. आता चार अंड्यांचं मावायचं नाही."

"माझ्या बापाचं माप आहे. मावेल!"

भट्टीत ते फुगलं, उतू गेलं, खाली सांडून पेटलं. धूर कोंडला. तिने फडक्याने धरून मला बाहेर काढलं, तोच त्याने मागून तिचे केस धरले आणि तिचा चेहरा भट्टीच्या उघड्या दाराकडे रेटला.

"थांब, आता तुझंच तोंड घालतो आत!"

धग तिच्या गालाला लागली. तिने मला जोरात मागे फिरवलं. मी तापलेला, त्याच्या मनगटावर बसलो. कातडी माझ्या पत्र्याला चिकटली. तो किंचाळला, केस सुटले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. ती पळत सुटली, ती थेट भावाच्या दारात थांबली. मी तिच्या हातातच होतो.

भावाने तिच्या गालाला मलम लावलं. मग मला उलटंसुलटं करून बघितलं आणि हातोडी काढली.

"हा ठोकून पहिल्यासारखा करतो. आणि तू घाबरू नकोस. उद्या तुला सोडायला येतो, चार शब्द समजावतो त्याला. होईल सगळं सुरळीत."

तिने त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली.

"नको दादा. ठोकणं बास झालं. याचंही आणि माझंही."

तिने मला नळाखाली भरलं आणि पाणी कपाने मोजलं. "तीन अंड्यांचं मावतंय. तीनचा करू."

भावाने तिच्या कपाळावरचे टाके बघितले. मग त्याने तिच्या हातून हातोडी घेऊन माळ्यावर टाकली आणि अंडी आणायला गेला.

आता ती आणि मी याच घरात असतो, केक इथूनच विकतो. माझा केक एका बाजूने चपटा निघतो. गिऱ्हाईक हसतं आणि पुन्हा येतं. तुमच्याकडे नवा टिन आला तर ओतण्याआधी पाणी भरून त्याच्या पोटाला विचारा. चेपलेला असेल तर माप कमी करा. हातोडी तेवढी शोधू नका.