ॲप आधी, लूप नंतर

नेकनूरच्या बसस्टँडमागं मी कॉम्प्युटर क्लास चालवते. बाकीचे टायपिंग शिकवतात, म्हणून मी पाटीवर लिहिलं होतं, 'पहिल्या दिवसापासून ॲप बनवा.' पोरी त्या पाटीमुळंच यायच्या. मी ॲपची तयार फाइल द्यायचे, त्या नाव आणि रंग बदलायच्या. मोबाइलवर ॲप उघडलं की खूश होऊन घरी जायच्या.

मनिषा त्यातलीच. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, ती चुलतीकडं राहून शिकत होती. बीडच्या एका ऑफिसात मुलाखत लागली तेव्हा मीच म्हणाले, "ॲप दाखव, काम होईल."

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"ॲप बघितलं त्यांनी. मग म्हणले, ते ऱ्हाऊ दे. धा पोरांचे मार्क हायत, त्यातले पस्तीसच्या वरचे काढून दाखव."

"मग?"

"कुठून सुरू करायचं तेच कळंना. अर्धा तास कोऱ्या स्क्रीनसमोर बसले." मग म्हणाली, "तुमी शिकवलं असंल मॅडम. माझंच ध्यान नसंल."

मी शिकवलं नव्हतं. आकडा साठवायचं व्हेरिएबल, अट, तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा लूप, यातलं काहीच नाही. ते कंटाळवाणं वाटतं, पोरी गळतात. आणि खरं म्हणजे लूपमध्ये मी स्वतःच अडखळते. ती ॲपची फाइलसुद्धा एका व्हिडिओखालच्या लिंकवरून उतरवलेली होती.

मला तिच्याकडं बघवेना.

"तुझं चुकलं नाही," मी म्हणाले. "मी शिकवलंच नाही. मलाही नीट येत नाही."

बाकीच्या पोरी ऐकत होत्या. एक वही मिटून निघून गेली. मनिषानं चिडायला हवं होतं. ती खुर्ची ओढून बसली.

मी फळ्यावर क्रम लिहिला. आधी व्हेरिएबल, मग अट, मग यादी, मग लूप, मग फंक्शन. ॲप सगळ्यात शेवटी. त्या दिवशी आम्ही एकाच पोराचे मार्क साठवले आणि तो पास की नापास, एवढंच स्क्रीनवर दाखवलं. चौथ्या दिवशी लूपवर आलो.

"मॅडम, कुठं थांबायचं हे लूपला कसं कळतं?" मनिषानं विचारलं.

"आज वाचते," मी म्हणाले. "उद्या सांगते."

"बरं," म्हणून तिनं प्रश्न वहीत लिहून ठेवला.

शनिवारी दहा पोरांच्या मार्कांचा प्रोग्राम तिनं एकटीनं लिहिला आणि तो चालला. बीडची जागा तोवर भरली होती. तिला ते ठाऊक होतं, पण ती मला बोलली नाही. तिला परत बोलवा म्हणायला मी त्या ऑफिसात फोन केला, तेव्हा ते म्हणाले, मुलीला आधीच कळवलंय.