माप घेताना

आमच्या वस्तीतल्या दवाखान्यात मदतनीस असलेली ताई इंजेक्शनं द्यायची, टाके काढायची, जखमा बांधायची, कुणाच्या साखरेच्या गोळ्या संपल्या की पुढच्या महिन्याच्या काढून द्यायची. वरून कुणी तपासणीला आलं की हे सगळं डॉक्टरांनी केलेलं असायचं. डॉक्टर तेव्हा पाच मिनिटांत पोचणार असायचे. सदा पाच मिनिटांत पोचणार, म्हणून लोकांनी त्यांचं नावच पाचमिनिटे ठेवलं होतं. मी काउंटरला बसते, ती पाच मिनिटं किती लांबतात हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

मग एक दिवस वरच्या शहाण्यांना साक्षात्कार झाला, की वैद्यकीय मदतनिसांना आणखी कामं करू द्यावीत. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. एक मोठे अधिकारी आले, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आजारी माणसांना त्यांनी 'क्रांती' हा शब्द चार वेळा ऐकवला आणि ताईच्या हातात प्रमाणपत्र दिलं. ज्या कामाचं प्रमाणपत्र, ते काम ती आत नुकतंच उरकून, हात पुसत बाहेर आली होती. सगळ्यात जोरात टाळ्या पाचमिनिट्यांनी वाजवल्या. पुढच्या आठवड्यापासून ते फक्त मंगळवारी येऊ लागले.

परवानगी देऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. कधीच द्यायला हवी होती. पण आमच्याकडे नुसती परवानगी देत नाहीत, सोबत खुर्ची देतात. ताईला खोली मिळाली, पांढरा कोट मिळाला, दारावर पाटी लागली आणि तिच्या न् माणसांच्या मध्ये एक रुंद टेबल आलं. हाताला पट्टा गुंडाळून रक्तदाब घेणं आता तिच्या दर्जाला शोभेना. त्यासाठी बाहेर यंत्र बसवलं. त्यात हात घालायचा, ते हात आवळतं, गुरगुरतं आणि चिठ्ठी फेकतं. ती घेऊन मॅडमपुढे जायचं. हो, मॅडम. पहिल्याच दिवशी मी सवयीने ताई म्हणाले, तर ती हळूच म्हणाली, "अगं, लोकांसमोर तरी नको." नाकापेक्षा मोती जड झाला होता.

आता माझ्या वडिलांचं सांगते. अप्पा शिंपी. नजर अधू झाली तेव्हा दुकान बंद केलं, पण समोरच्याला अजून खांद्यापासूनच बघायला सुरुवात करतात. आई गेल्यापासून मागच्या गल्लीत एकटे राहतात आणि हट्ट असा, की माझ्या औषधांच्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. ते नेहमी म्हणत, "माप घेताना माणूस खरं बोलतो. आरशासमोर उभा केला की पोट आत घेतो."

ताई पट्टा गुंडाळायची तेव्हा त्यांचंही तसंच व्हायचं. बाही वर करता करता म्हणायचे, "सैल बांधलास गं पोरी. माझ्या दुकानात तुला काज करायलाही ठेवलं नसतं."

"गप्प बसा काका, आकडा वर जातो."

गप्प कुठले बसतात! झोप लागत नाही, गोळी कधी कधी विसरते, हिला, म्हणजे मला, मात्र सांगू नकोस, असं सगळं त्या पट्ट्याबरोबर सुटून यायचं. डॉक्टर उगवले की ताई दारातच ते त्यांच्या कानावर घालायची. आत गेल्यावर डॉक्टर तेच विचारायचे आणि अप्पा ताठ बसून म्हणायचे, "सगळं व्यवस्थित, डॉक्टर." अप्पाच असं नाही, ताकाला जाऊन भांडं लपवायचं ही आमच्या सगळ्याच रुग्णांची खोड. दवाखाना चालायचा तो दारातल्या त्या कुजबुजीवर. ती कुणा अधिकाऱ्याला दिसली नाही, कारण तिला ना खोली होती ना पाटी.

खोली मिळाल्यावर अप्पा पहिल्यांदा आत गेले तेव्हा मी कागद द्यायला तिथेच होते. त्यांनी दारात गळ्याचं बटण लावलं.

"गोळ्या नियमित घेता ना?" ताईने चिठ्ठीवरची नजर न काढता विचारलं.

"हो, मॅडम."

आकडा वाढलेला होता. भिंतीवरचा तक्ता म्हणत होता गोळी वाढवा, तिने वाढवली. पुढच्या खेपेला आकडा आणखी वर. तिने आणखी वाढवली आणि अगदी पाचमिनिट्यांच्या सुरात म्हणाली, "पथ्य पाळत नाही तुम्ही. पुढच्या वेळी असंच दिसलं तर मोठ्या दवाखान्यात भरती करीन." अप्पांनी मान डोलावली. माझे वडील, ज्यांनी भल्याभल्या गिऱ्हाइकांना उलट सुनावलं, ते शाळेतल्या पोरासारखे उठून गेले.

पुढच्या खेपेला ते यंत्राशी बसले, हात आत घातला, यंत्र गुरगुरलं आणि अप्पांचं डोकं त्याच्यावरच कलंडलं. यंत्राने चिठ्ठी फेकली. रांगेतल्या एका शहाण्याने ती उचलून वाचली.

मी किंचाळले, "ताई!" ती धावली. कोट दाराच्या कडीत अडकला, तो तिने तसाच ओढून टाकला. अप्पांना जमिनीवर आडवं केलं, पाय स्टुलावर चढवले. जुना पट्टा माझ्या खणात रबरबँडांच्या ढिगात पडला होता, तो तिने हिसकून घेतला.

"काका, काय घेतलंत? खरं सांगा!"

पट्टा दंडाला आवळला तसे अप्पांनी डोळे किलकिले केले. "पोरी, त्या गोळीने पाय सुजायचे गं. बंदच केली होती मी. आज तू रागावशील म्हणून राहिलेल्या सगळ्या घेतल्या. आकडा चांगला यावा म्हणून."

गाडी बोलावून मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "तक्त्याप्रमाणेच वाढवली होती ना? मग आपल्यावर काही येत नाही."

आपल्यावर! जमिनीवर माझे वडील पडले होते.

अप्पा वाचले, आठवडाभर सलाइनवर राहून. मग चौकशी झाली. यंत्र चालू होतं, तक्ता बरोबर होता, दारावरची पाटी सरळ होती. दोष रुग्णांच्या अज्ञानाचा निघाला. म्हणून भिंतीवर कागद चिकटवला: 'वैद्यकीय कर्मचाऱ्यांशी खरे बोला.' आता लोक त्याच्याखाली बसून खोटं बोलतात.

ताई मात्र रडली. माझ्यासमोर, ढसाढसा. मी तिला चार शब्द सुनावायचे ठरवून ठेवले होते, ते गिळले. दुसऱ्या दिवशी तिने टेबल भिंतीला सरकवलं, कोट खुंटीला टांगला. अप्पा आले तेव्हा खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली आणि स्वतः पट्टा गुंडाळला.

"सैल झालाय का काका?" ती मुद्दाम म्हणाली.

अप्पांनी आधी दाराकडे बघितलं. "नाही मॅडम. अगदी बरोबर आहे."

"नवीन गोळी रोज घेता ना? खरं सांगा हं, मी रागावणार नाही."

"रोज घेतो, मॅडम."

तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला सोसवलं नाही.

अप्पा बाहेर येऊन बाकावर टेकले. सफाईवाली मावशी फरशी पुसत होती. त्यांना वाकता येईना म्हणून ती खाली बसून त्यांच्या पायात चप्पल सरकवू लागली, आणि अप्पा तिला म्हणाले, "बेताने गं बाई. नवीन गोळीने तोंड पार कोरडं पडतं. एक दिवसाआड घेतो झालं. आमच्या हिला सांगू नकोस."

ही चार हातांवर होती. मी उठले, ताईच्या दारात गेले आणि तिच्या कानात ते सांगितलं. तिने गोळी बदलली.

मावशीचं हे वर कुणाला कळू देऊ नका. उद्या तिलाही खुर्ची देतील.