कल्पनाचा डावा हात

डोळे मिटून गायची सवय मला लहानपणापासूनची. उघड्या डोळ्यांनी गायला मी काय भाजी निवडतेय? पण नाचाच्या नरसिंहराव मास्तरांना ते पटेना. मल्लेश्वरम भागातल्या तालमीत ते रोज माझ्यावर करवादायचे. नर्तकी एकाच ओळीचे दहा अर्थ दाखवते, तोवर गाणारीनं तीच ओळ फिरवत राहायची. तिचं सांगून झालं, डावा हात कमरेवर टेकला, की पुढची ओळ. डोळे मिटल्यावर तो हात दिसणार कसा? नाचणारी कल्पना बिचारी हात टेकून ताटकळायची आणि मी आपली त्याच ओळीत रमलेली.

शेवटी मास्तरांनी सांगून टाकलं, कार्यक्रमात इशारा चुकला तर पुढच्या वेळी दुसरी गायिका. लग्नानंतर चौदा वर्षं मी फक्त हळदीकुंकवाला गायले होते. अठ्ठावन्न साली हे एवढं एक स्टेज मिळालं होतं. ते गेलं तर परत मला कोण विचारणार होतं?

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी डोळे टक्क उघडे ठेवले. पद कन्नड होतं, आई लपलेल्या मुलाला घरभर शोधते असं. कल्पनाचा हा पहिलाच कार्यक्रम. तिनं दाराआड पाहिलं, रांजणात पाहिलं आणि लगेच डावा हात कमरेवर टेकला.

इशारा मला स्वच्छ दिसला. पण चेहराही दिसला. पोर घाबरली होती. मूल सापडायच्या आधीच तिला तिथून पळायचं होतं. टाळ वाजवता वाजवता मास्तरांनी माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. मरो ते स्टेज, म्हटलं, आणि मी तीच ओळ पुन्हा घेतली, अगदी सावकाश, मुलाला हाक मारावी तशी.

कल्पना दचकून माझ्याकडे वळली. मग तिचे पाय शांत पडायला लागले आणि ती खरोखरच शोधू लागली. खाटेखाली, तुळशीमागे, स्वतःच्या पदराआड. तिथं ते सापडलं. तिच्या रिकाम्या हातांत मला मूल दिसलं. तिनं त्याला कडेवर घेतलं, डावा हात कमरेवर टेकला. मी पुढची ओळ घेतली.

पडदा पडल्यावर मास्तर तरातरा आले. इशारा दिसला नव्हता का, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी काही बोलायच्या आत कल्पना म्हणाली, "दिसला होता, मास्तर. पण मी घाबरलेय हेही अक्कांना दिसलं."

मास्तरांनी टाळाची दोरी गुंडाळली.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "गुरुवारी चारला तालीम. उशीर करू नका."

मी साडेतीनलाच जाऊन बसले.