राजकुंवरच्या चार दिशा

दीपचंदांनी सुतळीचं एक टोक अंगठ्यानं धुळ्यावर दाबून धरलं, दुसरं पालिताण्यापर्यंत ताणलं आणि तेवढ्यावर दातानं तोडलं. काउंटरच्या काचेवर मुलाचा, अखिलचा, शाळेतला जुना नकाशासंग्रह उघडा होता. पान उलटू नये म्हणून दोन्ही कडांवर वाणाच्या स्टीलच्या वाट्या ठेवलेल्या. आता ती सुतळी त्यांनी गुजरातच्या किनाऱ्यावरून हळूहळू खाली फिरवली. दीव नखभर बाहेर राहिलं. अंगठा जरा सरकवून पाहिला. तरी बाहेरच.

माळ्यावरून पातेली उतरवणारा पितांबर शिडीवरूनच वाकला. वीस वर्षं दुकानात होता. शेठना इतकं वाकून बघताना त्यानं फक्त तराजूपाशी पाहिलं होतं.

"शेठ, काय धुंडी राह्यनात?"

"बेट."

"बेट? मंग गुजरातमा कसाले? आपला पांझरा नदीमा शे ना. गाढवं चरतस तठे."

"गाढवांना व्रत नसतं रे," दीपचंद म्हणाले आणि त्यांनी सुतळी खिशात टाकली.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत धुळ्यातली कितीतरी हळदीकुंकवं त्यांच्या दुकानातल्या वाट्यांवर निघत. ती गर्दी ओसरली की जरा श्वास घ्यायचा, असं अखिल आणि विधीनं ठरवलं होतं. लग्नाला वर्ष झालेली ही सून. तिनं परवा जेवताना फोनवर चित्र दाखवलं होतं : काचेसारखं हिरवं पाणी, त्यात वाळूची पांढरी रेघ, रेघेवर नारळ वाकलेले. लक्षद्वीप. शुक्रवारी मुंबईहून विमान, सोमवारी परत. काही बघायला धावायचं नाही, नुसतं लोळायचं. "पप्पाजी, तुम्ही दोघं पण," ती म्हणाली, आणि 'दोघं' म्हणता म्हणता तिची नजर सासूकडे जाऊन अडखळली.

"तुम्ही तिघं या फिरून," राजकुंवर फुलक्याला तूप लावत म्हणाली होती. "माझं व्रत आहे ना."

व्रत होतं खरं. अखिल तिसरीत असताना, पर्युषणात, जैन उपाश्रयात साध्वीजींसमोर हात जोडून तिनं दिशांची मर्यादा घेतली होती. अमुक दिशेला अमुक ठिकाणापर्यंत. त्यापलीकडे जन्मभर पाऊल नाही. तेव्हा घरात कौतुक झालं. पुढे ते व्रत उंबऱ्यासारखं झालं. सगळे ओलांडत, खाली कुणी बघत नसे. दीपचंदांना त्यातला एक पालिताणा तेवढा ठाऊक होता, कारण तिथं ते बरोबर गेले होते आणि डोंगर उतरताना ती म्हणाली होती, "चला, माझी पश्चिम इथं संपली." बाकीच्या दिशा त्यांनी कधी विचारल्या नाहीत. व्यापारी मंडळाची सहल निघाली की ते सांगत, घरी व्रत आहे. आणि दुकान उघडं राही.

या वेळी मात्र ते वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. त्या पांढऱ्या रेघेवर तरुण जोडप्याच्या पाठीमागे आपण एकटे चालतोय, आणि इकडे ती दिवस मावळायच्या आत एकटीच पाट मांडून बसलीय, हे चित्र दोन दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तिच्यावाचून त्यांना समुद्र बघायचा नव्हता. तिच्या कुंपणाच्या आत कुठेतरी एखादं बेट बसलं पाहिजे, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

भर दुपारी नकाशासंग्रह काखेत मारून ते घरी आले तेव्हा राजकुंवर गच्चीवर होती. माघाचं ऊन अंगाला गोड लागत होतं. जुन्या धोतरावर ती मुगाच्या वड्या घालत होती. बोटं अशी चालत होती, जशी दाणे टिपणारी चिमणी.

"दुकान?" तिनं वर न बघता विचारलं.

"पितांबर आहे."

"तब्येत?"

"बरी आहे गं. तुझ्या दिशा सांग बरं."

"कसल्या दिशा?"

"व्रतातल्या. एखादं बेट आत बसतंय का बघतो."

ती हसली. पिठाचा हात उलटा करून मनगटानं तिनं कपाळावरचा पदर मागे सारला. "माझ्या मापाचं बेट शोधताय? ब्लाउज आहे का ते?"

"नाहीतर साध्वीजींना विचारून थोडी सूट..."

"सूट गिऱ्हाइकाला द्या."

ते भिंतीला टेकून खाली बसले, नकाशा मांडीवर घेतला. "पूर्व?"

"शिखरजी."

झारखंडातला डोंगर. पाण्याचा थेंब नाही. "उत्तर?"

"नाकोडाजी."

राजस्थानातली वाळू हवी तेवढी, समुद्र नाही. "पश्चिम मला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणे," ती वडीला म्हणाली. "आणि वर शिखरजीच्या डोंगराएवढं, खाली विहिरीएवढं."

"वर पण असतं?"

"असतं. म्हणून तर अखिल विमानात बसवतो म्हणाला तेव्हा मी नको म्हटलं. तुम्हाला वाटलं भ्याले."

तसंच वाटलं होतं. दीपचंदांनी नकाशाचं पान उगीच हातानं सपाट केलं. विमान गेलं. तीन दिशा गेल्या. आता विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "आणि दक्षिण?"

राजकुंवरची बोटं चालत राहिली. एक वडी, दुसरी वडी, तिसरी जरा मोठी पडली.

"दक्षिण बांधली नाही."

"बांधली नाही म्हणजे?"

"मोकळी आहे."

"किती?"

"सगळी."

खालून भंगारवाल्याची हाक आली आणि गल्लीतून पुढे गेली. दीपचंदांचं बोट धुळ्यावरून निघालं. नाशिक, पुणे, कोल्हापूर करत केरळपर्यंत उतरलं, किनाऱ्यावरून घसरलं आणि निळ्या शाईत सांडलेल्या चार ठिपक्यांपाशी थांबलं.

"सगळ्या बायका दक्षिणेला कोल्हापूरजवळच्या कुंभोजगिरीपर्यंत म्हणत होत्या," ती म्हणाली. "साध्वीजींनी मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, ही राहू द्या."

"का पण?"

"तो कपडा धरा तिकडून. वारा सुटलाय."

त्यांनी कपड्याचं टोक धरलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं बोलली नाहीस."

"कुणी नेलं असतं तर गेले असते की," राजकुंवर म्हणाली. आवाजात रुसवा नव्हता. घरातलं मीठ संपलंय हे सांगावं, तसा सरळ होता. म्हणूनच दीपचंदांना मान वर करवेना.

दिवस असतानाच घरातली ताटं वाढली गेली. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन अजून फरशीवर होतं. दीपचंदांनी पहिला घास हातात घेतला आणि म्हणाले, "अखिल, माझं विमानाचं राहू दे. मी आणि मम्मी रेल्वेनं जाऊ. पुढे बोटीनं."

विधीचा फुलका तव्यावरच राहिला. "मम्मीजी येताहेत?"

"तिची दक्षिण मोकळी आहे," ते अशा थाटात म्हणाले, जसं काही त्यांनीच ती राखून ठेवली होती. राजकुंवरनं पदर ओठांवर धरला.

विमान का नाही, हे सांगून झालं. विहिरीचंही झालं.

"म्हणजे मम्मीजी, पाण्यात विहिरीएवढी बुडी चालते!" विधी टाळ्या पिटत म्हणाली. "मी मासे दाखवते तुम्हाला."

"मासे मला बघतील," राजकुंवर म्हणाली. "लुगडं नेसून कोण आलं म्हणून."

अखिल मात्र फोनवर हिशेब घालत होता. "पप्पा, मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस आहे, एर्नाकुलमपर्यंत. पुढे बोट. पण आपण एकाच दिवशी निघालो ना, तर तुम्ही बोटीतून उतराल तेव्हा आम्ही परतीच्या विमानात बसलेले असू."

"मग तर बरंच," दीपचंद म्हणाले. "बेट आम्हा दोघांनाच."

"पप्पा!"

"काय पप्पा? तुम्हाला लोळायचं होतं ना? आधी तुम्ही लोळा, मग आम्ही."

विधी हसून हसून भिंतीला टेकली. आपला फुलका करपला म्हणून तिनं तो मुकाट अखिलच्या ताटात टाकला आणि फोन स्वतःकडे ओढला. "मी काढते तिकीट. मनमाडहून बसा, धुळ्याहून जवळ पडेल."

"जळगाव लिही," राजकुंवर म्हणाली.

"मम्मीजी, उलटं होईल. आधी जळगावला जायचं आणि त्याच गाडीनं परत मनमाडलाच यायचं."

"होऊ दे."

लग्न होऊन आल्यापासून या बाईंनी कशाचाच हट्ट धरलेला विधीनं पाहिला नव्हता. भाजी कोणती, हेसुद्धा त्या दुसऱ्यांना विचारत. तिनं अखिलकडे पाहिलं.

"मामांकडे उतरायचंय का?" अखिलनं विचारलं.

"नाही. स्टेशनावरच." राजकुंवर ताटातल्या तुपात बोटानं एक बारीक रेघ ओढत होती. "तू दीड वर्षाचा होतास. माहेराहून परत निघालो होतो. तू यांच्या खांद्यावर झोपला होतास, आमच्या गाडीला उशीर होता. समोर ही गाडी येऊन उभी राहिली. डब्यावर पाटी होती. मी यांना विचारलं, लक्षद्वीप म्हणजे काय."

"मग? पप्पा काय म्हणाले?"

पुढचं वाक्य आपलं नाही, ते ज्याचं आहे त्यानं म्हणावं, अशी राजकुंवर नवऱ्याकडे बघत राहिली.

दीपचंदांना गाडी आठवेना, पाटी आठवेना. आधी आठवलं ते खांद्यावरचं ओझं. लेकराच्या लाळेनं सदरा ओला झालेला आणि हात बधिर होऊन गेलेला. मग ते जे म्हणाले होते, तेही आठवलं. फार काही नव्हतं. समोरून गाडी जाताना कुठलाही नवरा 'नेईन एकदा' म्हणतो आणि गाडी फलाट सोडायच्या आत विसरतो, तेवढंच.

"सांगा ना पप्पाजी," विधी म्हणाली.

त्यांनी तुपाची वाटी राजकुंवरच्या ताटाजवळ सरकवली. वाटी ताटाला लागून वाजली.

"जळगाव लिही," ते म्हणाले. "खिडकी तिला."